मूत्रमार्गाच्या अरुंदपणासाठी ग्राफ्ट कोठून घ्यावा: गालाचे अस्तर की कातडी?

केजकर (प्रश्न)

नमस्कार. माझे थोरले बंधू केज तालुक्यात शेती करतात. त्यांचे वय ४१ आहे. काही वर्षांपूर्वी विहिरीचे काम चालू असताना ते लोखंडी कठड्यावरून घसरले आणि पाय दोन बाजूंना जाऊन कठड्याचा मार थेट जांघेत बसला. त्या वेळी लघवीच्या वाटेने रक्त गेले, काही दिवस नळी ठेवली आणि सर्व ठीक झाले असे आम्हाला वाटले. पुढे मात्र धार हळूहळू बारीक होत गेली. दुर्बिणीने आतला आकसलेला भाग कापल्यावर काही महिने बरे गेले. तो पुन्हा आकसला, पुन्हा कापला, आणि आता तीच अवस्था परत आली आहे. मध्यंतरी लघवी पूर्ण अडल्यामुळे ओटीपोटातून नळी टाकावी लागली. ती अजून आहे.

औषध सोडून काढलेल्या एक्सरेत, म्हणजे आरजीयूमध्ये, बल्बर भागात, म्हणजे वृषणाच्या मागच्या बाजूच्या मूत्रमार्गात, सुमारे ५ सेंटीमीटर लांबीचा अरुंद पट्टा दिसतो. लातूरच्या मूत्ररोगतज्ज्ञांनी गालाच्या आतील अस्तर काढून मूत्रमार्गाला लावण्याचा सल्ला दिला. छत्रपती संभाजीनगरला दुसरे मत घेतले, तर तेथील डॉक्टरांनी भावाचे तोंड पाहून सांगितले की हा गाल कामाचा नाही, आपण शिश्नाच्या पुढच्या कातडीचा विचार करू. भाऊ तरुणपणापासून तंबाखू खातात आणि गेली काही वर्षे गुटखाही खात होते. तोंड पूर्वीसारखे उघडत नाही आणि तिखट घासाने आग होते.

दोन्ही डॉक्टर अनुभवी आहेत आणि दोघांवरही आमचा विश्वास आहे, म्हणूनच गोंधळ वाढला आहे. या दोन पर्यायांत खरा फरक काय, गुटख्यामुळे गालाचा मार्ग पूर्ण बंद होतो का, आणि कोठूनही काही न काढता बाहेरून मिळणारा तयार पडदा लावता येतो का, हे जाणकारांनी समजावून सांगावे ही विनंती. भावाला तोंडावरच्या शस्त्रक्रियेची भीती खालच्या शस्त्रक्रियेपेक्षा जास्त वाटते.

मूत्रशल्य_मराठवाडा

नमस्कार. मी मूत्ररोग शल्यचिकित्सक आहे. रुग्ण तपासल्याशिवाय अंतिम निर्णय देता येत नाही, परंतु आपला प्रश्न नेमका आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

सर्वप्रथम, पुन्हा दुर्बिणीने कापण्याच्या फंदात पडू नका. बल्बर भागातील छोट्या, म्हणजे २ सेंटीमीटरपेक्षा कमी लांबीच्या अरुंदपणावर एकदा तो प्रयोग करणे समर्थनीय असते. एकदा तो अपयशी ठरला की पुन्हा पुन्हा कापण्यातून टिकाऊ यश फारच क्वचित मिळते, आणि प्रत्येक वेळी भोवतालच्या स्पंजासारख्या ऊतीत नवा व्रण तयार होऊन पट्टा लांब होत जातो. अमेरिकन मूत्ररोग संघटनेची मार्गदर्शक तत्त्वेही अशा रुग्णाला उघड्या शस्त्रक्रियेकडे, म्हणजे युरेथ्रोप्लास्टीकडे पाठवण्यास सांगतात.

आता ग्राफ्टची, म्हणजे शरीरातून एका जागेवरून काढून दुसरीकडे लावलेल्या ऊतीच्या ठिगळाची, गरज का पडते ते पाहू. पट्टा छोटा असता तर तो कापून काढून दोन निरोगी टोके थेट जोडता आली असती, आणि बल्बर भागात त्या शस्त्रक्रियेचे यश ९० टक्क्यांच्या वर असते. पण ५ सेंटीमीटर मार्ग काढून टाकून टोके ओढून जोडली तर जोडावर ताण येतो आणि ताठरतेच्या वेळी शिश्न वाकडे किंवा आखूड होण्याचा धोका राहतो. म्हणून मार्ग न काढता तो लांबीच्या दिशेने उघडतात आणि जेवढी रुंदी कमी पडते तेवढे ठिगळ त्याला लावतात. ठिगळ कशाचे, एवढाच आपल्या दोन डॉक्टरांमधील मतभेद आहे. शस्त्रक्रिया करावी याबद्दल दोघांचे एकमत आहे, हे लक्षात घ्या.

ग्राफ्ट स्वतःचा रक्तपुरवठा मागे सोडून आलेला असतो. पहिले सुमारे ४८ तास तो खालच्या ऊतीतून झिरपणाऱ्या द्रवावर जगतो, त्यानंतरच्या दोन दिवसांत त्याच्या सूक्ष्म रक्तवाहिन्या खालच्या वाहिन्यांशी जोडल्या जातात, आणि मगच तो रुजला असे म्हणता येते. या काळात तो हलला, खाली रक्त साचले किंवा जंतुसंसर्ग झाला तर तो मरतो. गालाच्या अस्तराचे श्रेष्ठत्व येथेच आहे. त्याचा वरचा थर जाड व चिवट असतो, खालचा थर पातळ असतो आणि त्यात रक्तवाहिन्यांचे दाट जाळे असते, त्यामुळे ते लवकर रुजते. त्याला केस नसतात. लाळेत राहिल्याने ओलाव्याची व जंतूंची त्याला सवय असते, आणि मूत्रमार्गही ओलाच असतो. केस असलेली कातडी मूत्रमार्गात कधीच वापरू नये, कारण आत केस वाढून खडे व संसर्ग होतात.

गालाचे अस्तर ही काही कालची कल्पना नाही. हम्बी या ब्रिटिश शल्यचिकित्सकाने १९४१ मध्ये जन्मजात दोषाच्या दुरुस्तीसाठी तोंडातील अस्तर वापरले होते. प्रौढांच्या अरुंदपणासाठी त्याचा प्रसार १९९० नंतर झाला. १९९६ मध्ये इटलीतील बार्बाग्ली यांनी ग्राफ्ट मूत्रमार्गाच्या पाठीकडून लावण्याची पद्धत मांडली, कारण तेथे शिश्नाच्या दोन स्तंभांचा पक्का आधार मिळतो आणि ग्राफ्ट पसरून बसतो. आग्र्याच्या आसोपा यांनी २००१ मध्ये समोरून आत शिरून पाठीच्या बाजूला ग्राफ्ट बसवण्याची पद्धत प्रसिद्ध केली. पुण्याच्या डॉ. संजय कुलकर्णी यांनी एकाच बाजूने मार्ग मोकळा करून दुसऱ्या बाजूच्या रक्तवाहिन्या व नसा जपण्याची पद्धत विकसित केली आणि ती आज जगभर शिकवली जाते. सांगायचे कारण हे की या शस्त्रक्रियेसाठी परदेशाकडे डोळे लावण्याची गरज नाही. तिचे मोठे शिक्षण आपल्याच राज्यात मिळते.

कातडीच्या पर्यायाबद्दल मात्र एक गोष्ट आधी कळवा. भावाच्या शिश्नाच्या टोकाला किंवा पुढच्या कातडीवर पांढरे चट्टे आहेत का? ती कातडी मागे सरकते का? यावर बरेच अवलंबून आहे.

निवृत्त सर्जन, परभणी

वरील माहिती अचूक आहे, तरी कातडीची बाजू थोडी मांडतो, कारण संभाजीनगरच्या डॉक्टरांचे मत अवाजवी नाही. शिश्नाची पुढची कातडी पातळ, लवचिक आणि केसविरहित असते, ती जवळच मिळते आणि तोंडाला हात लावावा लागत नाही. शिवाय ती केवळ ग्राफ्ट म्हणून नव्हे, तर तिचा रक्तपुरवठा कायम ठेवून फ्लॅप म्हणूनही फिरवता येते. ओरांडी यांनी १९६८ मध्ये ही पद्धत मांडली आणि अमेरिकेतील मॅकअॅनिंच यांनी पुढे गोलाकार फ्लॅप लोकप्रिय केला. लखनौच्या संजय गांधी संस्थेत गालाचा ग्राफ्ट आणि कातडीचा फ्लॅप यांची चिठ्ठ्या टाकून थेट तुलना करण्यात आली आणि ती २००७ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात मार्ग उघडा राहण्याचे यश दोन्हीकडे जवळपास सारखेच होते. फ्लॅपची शस्त्रक्रिया अधिक किचकट निघाली आणि कातडीच्या तक्रारीही त्यात जास्त होत्या, हेही त्याच अभ्यासात आहे. म्हणजे तोंड खरोखरच खराब असेल, तर कातडी हा कमी दर्जाचा पर्याय समजू नये. ज्यांची सुंता झाली आहे त्यांच्याकडे ही कातडी कमी उरते, एवढी मर्यादा आहे.

मुखशल्य, नांदेड

मी तोंडाची शल्यचिकित्सक आहे आणि मूत्ररोगतज्ज्ञांसाठी गालाचे अस्तर काढून देण्याचे काम करते, म्हणून भावाच्या तोंडाबद्दल लिहिते. या धाग्यात मला सर्वांत महत्त्वाचे वाटलेले वाक्य म्हणजे "तोंड पूर्वीसारखे उघडत नाही आणि तिखट घासाने आग होते". मूत्रमार्गाचा विषय क्षणभर बाजूला ठेवला तरी या लक्षणांसाठी तोंडाची तपासणी ताबडतोब व्हायला हवी.

ही लक्षणे ओरल सबम्यूकस फायब्रोसिसची असण्याची दाट शक्यता आहे. आपल्याकडे लोक केवळ तंबाखूला दोष देतात, परंतु या आजाराचे मुख्य कारण गुटख्यातील सुपारी असते. सुपारीमुळे गालाच्या अस्तराखाली तंतूंचे पट्टे तयार होतात, गाल पांढरट व कडक पडतो आणि जबडा उघडणे कमी होत जाते. राज्यात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, तरी माझ्याकडे येणाऱ्या तरुणांच्या तोंडांवरून तसे वाटत नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते. हा आजार कर्करोगाकडे जाऊ शकतो, म्हणून संशयास्पद भागाचा तुकडा तपासणीला पाठवणे टाळू नका.

आता ग्राफ्टबद्दल. निरोगी गालातून साधारण ६ सेंटीमीटर लांब आणि अडीच सेंटीमीटर रुंद पट्टी सहज मिळते. वरच्या दुसऱ्या दाढेसमोर गालात लाळग्रंथीच्या नळीचे तोंड असते, ते आम्ही खूण करून जपतो. तंतू झालेल्या गालातून मात्र पट्टी नीट सुटून येत नाही, आली तरी ती कडक असते, तिच्यातील रक्तवाहिन्या कमी झालेल्या असतात आणि अशा गालाला नव्याने जखम केली तर तोंड आणखी आवळले जाते. तेव्हा संभाजीनगरच्या डॉक्टरांनी शंका घेतली ती योग्यच आहे.

तरीही गाल बाद झाला म्हणजे तोंड बाद झाले असे नाही. तंबाखूची गोळी बहुधा एकाच बाजूला धरली जाते, त्यामुळे दुसरा गाल पुष्कळदा बरा असतो. शिवाय जिभेच्या बाजूचे व खालचे अस्तर हा चांगला पर्याय आहे. ते पातळ असते, त्याचे गुणधर्म गालाच्या अस्तरासारखेच असतात आणि २००६ मध्ये इटलीतील सिमोनाटो यांनी ते मूत्रमार्गासाठी वापरल्याचे प्रसिद्ध केल्यानंतर अनेक ठिकाणी ते घेतले जाते. काही दिवस बोलताना जीभ जड वाटते. तोंड फारच कमी उघडत असेल तर जिभेपर्यंत पोहोचणेही अवघड होते, म्हणून बोटांनी अंदाज न करता वरच्या व खालच्या दातांतील अंतर मिलिमीटरमध्ये मोजून घ्या. निरोगी प्रौढात ते ३५ ते ५० च्या दरम्यान असते. भूल देणाऱ्या डॉक्टरांनाही ही मोजणी आधी कळली पाहिजे, कारण घशात नळी घालण्यासाठी तोंड उघडावे लागते. खालच्या ओठातून अस्तर घेणे मी शक्यतो टाळते, कारण तेथे बधिरपणा व ओठ ओढला जाण्याचा त्रास जास्त राहतो.

तंबाखू, गुटखा, मावा आणि साधी सुपारीसुद्धा आजपासून बंद करा. आधीचे तंतू त्यामुळे पूर्ण विरघळत नाहीत, पण आजार पुढे सरकणे थांबते आणि जखम भरून येण्यास मदत होते.

औसेकर

माझी ही शस्त्रक्रिया झालेली आहे, गालाच्या ग्राफ्टची. भावाच्या भीतीबद्दल सांगतो, कारण मलाही तीच होती. पहिले काही दिवस तोंडच जास्त दुखते, हे खरे आहे. गाल सुजतो, ओढल्यासारखा वाटतो आणि भाकरीचा घास चावता येत नाही. थंड दूध, ताक, पातळ वरण, मऊ भात आणि दुधात भिजवून कुस्करलेली ज्वारीची भाकरी यांवर मी ते दिवस काढले. जेवल्यानंतर प्रत्येक वेळी औषधी पाण्याने चूळ भरायची आणि डॉक्टरांनी दाखवल्याप्रमाणे तोंड उघडण्याचा व्यायाम करायचा. तो कंटाळा येतो म्हणून सोडू नये. आज गालात आतून जीभ फिरवली तर एक गुळगुळीत रेघ जाणवते, बाकी काही नाही.

खाली वृषणाच्या मागे टाके असतात. नळी सुमारे तीन आठवडे राहिली. ती ओढली जाऊ नये याची काळजी घरच्या माणसांनी घ्यावी, कारण झोपेत आपले लक्ष राहत नाही. मोटारसायकल, सायकल आणि ट्रॅक्टरवर बसणे डॉक्टर सांगेपर्यंत पूर्ण बंद ठेवावे. पेरणीच्या तोंडावर शस्त्रक्रिया ठरवू नका. माणूस घरात बसत नाही.

खर्चाबाबत, महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेशी संलग्न रुग्णालयात गेल्यास तेथील आरोग्यमित्रांना भेटा. रेशन कार्ड आणि आधार कार्ड सोबत न्या आणि आपल्या शस्त्रक्रियेला मंजुरी मिळते का, हे दाखल होण्यापूर्वीच विचारा.

केजकर

सर्वांचे मनापासून आभार. डॉक्टर साहेब, आपण विचारले म्हणून भावाला एकांतात विचारले. संकोचामुळे त्याने आजवर कोणालाच सांगितले नव्हते. पुढच्या कातडीवर आणि टोकाला पांढरट चट्टे आहेत, कातडी पूर्ण मागे जात नाही आणि कधीकधी चिरते. मधुमेह नाही. दुसरे म्हणजे, तयार पडद्याबद्दल आणि अरुंद भागात फुगवून तो रुंद करणाऱ्या, औषध लावलेल्या फुग्याबद्दलही एका ओळखीच्यांनी सांगितले, त्यावर आपले मत कळावे.

मूत्रशल्य_मराठवाडा

आपण विचारले हे फार बरे झाले. हे वर्णन लायकेन स्क्लेरोसस या त्वचाविकाराशी जुळते. चट्ट्यांचा छोटा तुकडा तपासून ते नक्की करून घ्यावे लागेल. निदान पक्के झाले तर जननेंद्रियाच्या कातडीचा पर्याय, ग्राफ्ट असो वा फ्लॅप, सोडून द्यावा लागतो. हा आजार त्वचेचाच आहे. मूत्रमार्गात लावलेल्या त्या कातडीतही तो पुन्हा उद्भवतो आणि मार्ग परत आकसतो. परभणीच्या सरांचे म्हणणे इतर रुग्णांना लागू पडते, पण येथे ते लागू पडणार नाही, आणि मला खात्री आहे की तेही हे मान्य करतील. संभाजीनगरच्या डॉक्टरांनाही ही माहिती द्या. ती कळल्यावर त्यांचेही मत बदलू शकते.

यातून आणखी एक शंका निर्माण होते. हा विकार मूत्रमार्गाच्या तोंडापासून आत पसरत जातो. भावाचा अरुंदपणा केवळ मारामुळे बल्बर भागात आहे, की पुढचा शिश्नातील भागही हळूहळू आकसत आहे, हे जुन्या एक्सरेवरून ठरवू नये. ओटीपोटात नळी आहे हे येथे उपयोगाचे आहे. तिच्यातून औषध सोडून आणि समोरूनही सोडून एकाच वेळी नवीन एक्सरे काढला की पट्ट्याची दोन्ही टोके स्पष्ट दिसतात. ती नळी घाईने काढू नका. मूत्रमार्गाला चार ते सहा आठवडे पूर्ण विश्रांती मिळाली की व्रणाची खरी व्याप्ती समोर येते आणि शस्त्रक्रियेच्या वेळी अंदाज चुकत नाही.

पट्टा बल्बर भागापुरताच निघाला तर तोंडातील अस्तर लावून एकाच टप्प्यात काम होईल अशी अपेक्षा आहे. योग्य निवडलेल्या रुग्णांत बल्बर भागातील या शस्त्रक्रियेचे यश साधारण ८० ते ९० टक्के असते. पुढचा भागही खराब असेल तर ग्राफ्टची लांबी वाढते, दोन्ही गाल किंवा एक गाल व जीभ लागू शकते, आणि जेथे मूत्रमार्गाची पट्टी शिल्लकच राहिलेली नाही तेथे दोन टप्पे करावे लागतात: आधी ग्राफ्ट सपाट रुजवायचा, काही महिन्यांनी त्याची नळी करायची. ग्राफ्टची पूर्ण गोल नळी एकाच बैठकीत करून बसवण्याचा मोह शल्यचिकित्सकाने टाळावा, कारण तिच्या सर्व बाजूंना रक्त पोहोचत नाही.

तयार पडद्याबद्दल स्पष्ट सांगतो. डुकराच्या लहान आतड्यापासून पेशी काढून टाकून बनवलेले पडदे अनेक वर्षे वापरून पाहिले गेले. पट्टा लांब असेल आणि भोवतीची ऊती व्रणाने भरलेली असेल तर ते नीट रुजत नाहीत, आणि भावाच्या बाबतीत नेमकी तीच परिस्थिती आहे. रुग्णाच्याच तोंडातील बारीक तुकड्यापासून प्रयोगशाळेत पेशी वाढवून अस्तर तयार करण्याची पद्धत जर्मनीत वापरात आली, आणि प्रयोगशाळेत वाढवलेल्या मूत्रमार्गाच्या नळ्या पाच मुलांना बसवल्याचा अहवाल २०११ मध्ये लॅन्सेटमध्ये आला. ते काम मोलाचे आहे, परंतु आपल्याकडच्या रोजच्या उपचारात ते अजून आलेले नाही. मार्गदर्शक तत्त्वेही असे पर्याय संशोधनाच्या चौकटीबाहेर वापरू नयेत असे सांगतात. औषध लावलेला फुगा ३ सेंटीमीटरपर्यंतच्या पट्ट्यावर अभ्यासला गेला आहे. ५ सेंटीमीटरसाठी त्यावर पैसे घालवू नयेत.

एक गोष्ट भाऊ विचारणार नाहीत, म्हणून मीच लिहितो. या शस्त्रक्रियेनंतर काही पुरुषांना काही काळ ताठरता कमी जाणवते. बहुतेकांमध्ये ती काही महिन्यांत पूर्ववत होते. याची कल्पना भाऊ आणि वहिनी दोघांनाही आधी असावी.

आता क्रम असा ठेवा. पहिल्यांदा नांदेडच्या डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे तोंडाची तपासणी करून दोन्ही गाल व जीभ यांचा लेखी अहवाल घ्या, त्याच काळात कातडीच्या चट्ट्याचा तुकडा तपासून घ्या, आणि विश्रांतीचा काळ संपल्यावर नवीन एक्सरे काढा. हे तीन कागद हातात घेऊन ज्यांच्याकडे युरेथ्रोप्लास्टी नियमितपणे होते अशा शल्यचिकित्सकाकडे जा आणि त्यांना विचारा की तोंडातील अस्तर कमी पडले तर शस्त्रक्रियेच्या टेबलावर त्यांचा दुसरा पर्याय काय असेल. शस्त्रक्रिया झाल्यावर धार चांगली झाली तरी तपासणी सोडू नका. यंत्रावर धारेचा वेग मोजला जातो, तो सेकंदाला १५ मिलिलिटरच्या वर राहिला तर समाधान मानतो, आणि आलेख सपाट होऊ लागला तर रुग्णाला त्रास जाणवण्यापूर्वीच पुन्हा एक्सरे काढतो. नवीन एक्सरे आला की येथे त्याचे निष्कर्ष लिहा, नाव व रुग्णालयाचा शिक्का झाकून.